"ताई, जॉइन करू का?"

मागच्या आठवड्यात बदलापूरहून एका मुलीचा मेसेज आला. ओळख अशी काही नाही, माझ्या मावसबहिणीच्या सोसायटीत राहते एवढंच. "ताई, तुम्ही डायरेक्ट सेलिंगमध्ये खूप वर्षं आहात ना, मला एकांनी प्लॅन दाखवलाय, जॉइन करू का?" मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते एवढं लांबलं की म्हटलं ब्लॉगवरच टाकू, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो आणि दर वेळी मी फोनवर अर्धा तास तेच तेच बोलत बसते, तिकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात.

तर आधी माझं सांगते. डायरेक्ट सेलिंग म्हणजे दुकानाशिवाय, ओळखीत आणि घरोघरी जाऊन कंपनीचा माल विकणं, आणि प्लॅन म्हणजे त्यात आपल्याखाली माणसं जोडून कमिशन मिळवायची योजना. डोंबिवली पूर्व, नवऱ्याची नोकरी, मुलगा तेव्हा सीनिअर केजीत. 2009 साली मी पहिल्यांदा एका कंपनीचे किचनचे डबे विकायला घेतले. आता डबे जवळपास बंद केलेत, कपड्यांचं लिक्विड, भांड्यांचं, फरशीचं आणि थोडं स्किनकेअर एवढंच ठेवलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहिलं की ही पोस्ट एकतर जाहिरात होते नाहीतर भांडण. कमाई म्हणाल तर खर्च जाऊन महिन्याला कधी बारा हजार सुटतात कधी बावीस, संक्रांत आणि दिवाळीच्या आसपास जास्त. स्टेजवर बोलावून हार घालण्याइतकं काही नाही. पण सोळा वर्षं चालू आहे, आणि माझ्याबरोबर त्या पहिल्या मीटिंगला बसलेल्या अठरा जणींपैकी आज धंद्यात दोघीच उरल्यात, एक मी आणि एक ठाकुर्लीची.

बाकी सोळा जणी वाईट होत्या असं मुळीच नाही. त्यातल्या तिघी तर माझ्यापेक्षा दहापट बोलक्या होत्या. मग त्या का थांबल्या याचा मी पुष्कळ विचार केलाय आणि मला तरी एकच उत्तर सापडलं. आम्ही सगळ्यांनी पहिली ऑर्डर घ्यायचं शिकलो, दुसरी कशी येते ते कुणी शिकवलंच नाही.

पहिली ऑर्डर कुणीही देतं हो. नणंद देते, शाळेच्या गेटवरची मैत्रीण देते, ऑफिसमधली माजी सहकारी देते, "बिचारी काहीतरी करतेय" म्हणून देतात, आणि तुम्हाला वाटतं वा, काय रिस्पॉन्स आहे! मीटिंगमध्ये सांगतातच की शंभर नावांची लिस्ट करा. केली मी लिस्ट, लग्नाच्या आमंत्रणाची जुनी वही काढून केली, चौऱ्याण्णव नावं झाली, उरलेली सहा नवऱ्याच्या ऑफिसमधली घातली. पहिल्या दोन महिन्यांत एकतीस जणींनी काही ना काही घेतलं. तिसऱ्या महिन्यात फोन केला तर चौघींनी उचलला. डब्यांचं कसं असतं, चांगला डबा दहा वर्षं टिकतो. एकदा घेतला की बाई परत कशाला घेईल? आणि वस्तू चांगली म्हणून परत विक्री नाही, हा विनोद मला कळायलाच दीड वर्ष गेलं.

डब्यांवरून आठवलं, टपरवेअरची गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते आणि ती सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत अर्ल टपर नावाच्या माणसाने 1946 च्या सुमारास हे प्लॅस्टिकचे डबे बाजारात आणले. झाकण दाबून हवा काढायची आणि मग ते घट्ट बसायचं. दुकानात कुणी घेईना, कारण झाकण लावायचं कसं हेच लोकांना कळत नव्हतं. ब्राउनी वाइज नावाची एक बाई, घटस्फोटित, एका मुलाची आई, ती घरोघरी बायका जमवून हे डबे दाखवून विकायची, रसाने भरलेला डबा उचलून फेकायची म्हणे आणि थेंब सांडायचा नाही. तिचा खप बघून टपरने 1951 मध्ये माल दुकानांतून काढूनच घेतला आणि सगळी विक्री घरातल्या पार्ट्यांवर नेली. ती त्या विभागाची व्हाइस प्रेसिडेंट झाली, 1954 मध्ये बिझनेस वीकच्या कव्हरवर झळकणारी पहिली बाई. आणि 1958 ला तिला काढून टाकलं, हातात साधारण एका वर्षाचा पगार ठेवून. तिच्या नावावर कंपनीचा एक शेअरसुद्धा नव्हता. ही कंपनी भारतात 1996 ला आली, म्हणजे आपल्या आयांनी भिशीत जे डबे बघितले ते त्यानंतरचे, आणि तिकडे मूळ कंपनीने सप्टेंबर 2024 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

ब्राउनीबाईंचा डबा फेकायचा प्रकार मीही केलाय बरं का. 2010 ची संक्रांत, टिळकनगरमध्ये एका काकूंकडे हळदीकुंकू, मी पाण्याने भरलेला डबा सगळ्यांसमोर उलटा धरला, आणि झाकण नीट बसलेलं नव्हतं. पाणी सरळ वाणाच्या ताटात, तिळगुळावर! काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या आत जाऊन फडकं घेऊन आल्या. त्या दिवशी झाकण कसं लावायचं ते मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

त्या दिवशी अजून एक कळलं, हळदीकुंकू ही डेमोची जागाच नव्हे. तिथे बायका सात-आठ मिनिटं टेकतात, त्यांना अजून चार घरी जायचं असतं, साडी सावरत "येते हं" करून निघतात. तिथे फक्त वाणाची ऑर्डर मिळू शकते आणि तीही त्या दिवशी मिळत नाही, डिसेंबरातच विचारावं लागतं, कारण जानेवारी उजाडला की यजमानीण बाईने चाळीस नग दुसरीकडून उचललेले असतात. डेमो करायचा तर भिशीत. भिशीला बायका तास-दीड तास निवांत बसतात, चिठ्ठी निघाल्यावर खायला येईपर्यंत वीस मिनिटं रिकामी असतात, ती वीस मिनिटं आपली. पण यजमानीण बाईला आधी विचारून, आणि महिना सोडून एकदाच. दर भिशीला पिशवी घेऊन जाणारी बाई दिसली की लोक भिशीच बदलतात, अनुभवाने सांगते.

आता वाईट भाग. 2012 च्या मार्चमध्ये, 31 तारखेला रात्री दहाला अपलाइनचा, म्हणजे धंद्यात माझ्या वर असलेल्या बाईंचा फोन. (कंपनीकडून माल उचलला की पॉइंट्स मिळतात, ठरावीक पॉइंट्स झाले की वरची लेव्हल.) "अगं फक्त चौदा हजारांचे पॉइंट्स कमी पडतायत, लेव्हल लागतेय तुझी, सोडू नकोस, पुढच्या महिन्यात सहज विकशील." मी मुलाच्या शाळेच्या फीसाठी ठेवलेले पैसे लावले. लेव्हल लागली, पुढच्या मीटिंगमध्ये पिन मिळाली, टाळ्या वाजल्या, आणि चौदा हजारांचा माल आमच्या दिवाणाखाली गेला. त्यातली क्रीम्स पुढच्या वर्षी एक्स्पायर झाली. काही डबे मी अर्ध्या किमतीत काढले आणि काही लग्नाकार्यात आहेर म्हणून दिले, आमच्या नात्यात अजून कुणाकुणाकडे ते पोपटी डबे आहेत. नवरा काही ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "म्हणजे तुझी सगळ्यात मोठी कस्टमर तूच." हे मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या दिवाणाने मला हिशोब शिकवला. आपण विकलं तीच विक्री. कंपनीकडून उचललं ती खरेदी, मग स्क्रीनवर कितीही हिरवे आकडे दिसू देत. कमिशन आलं की ते कमाई वाटतं पण त्यातून रिक्षा, फोन, सॅम्पल, यजमानीण बाईला दिलेलं गिफ्ट, बुडलेली उधारी हे वजा करून बघा. चारशेच्या बाटलीमागे मला साधारण ऐंशी सुटतात. एक बाटली पोचवायला मीटरने गेले-आले की संपलं. म्हणून मी वार लावून घेतलेत, मंगळवारी एमआयडीसी, गुरुवारी गोग्रासवाडी आणि नांदिवली, शनिवारी पेंडसेनगर-टिळकनगर, शेअर रिक्षाने जायचं, एका फेरीत कमीत कमी आठ घरं. कुणी म्हणालं "आजच हवं", तर गोड शब्दांत सांगते की मंगळवारी येते. आजपर्यंत त्यामुळे दोनतीन गिऱ्हाइकं गेली असतील, पाठदुखी मात्र खूप वाचली. पाच लिटर लिक्विड म्हणजे पाच किलो वजन आणि सोसायट्यांच्या लिफ्ट कधी बंद असतील सांगता येत नाही.

डबे कमी करून मी संपणाऱ्या वस्तूंकडे वळले ते याच सुमारास. आणि तेव्हाच माझी ती वही सुरू झाली. साधं 200 पानी लांब रजिस्टर. एका घराला एक पान. वर माणसं किती, मशीन कुठलं, पाणी बोअरचं की महापालिकेचं, कामाला बाई आहे का, कुणाला कुठल्या वासाने शिंका येतात. खाली तारीख, काय घेतलं, आणि शेवटच्या रकान्यात माझा अंदाज, हे संपणार कधी. त्या तारखेच्या चारपाच दिवस आधी मी फोन करते. "काकू, लिक्विड तळाला आलं असेल ना?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "अगंबाई, तुला कसं कळलं, आजच बाटली उलटी करून ठेवलीय!" फार काही जादू नाहीये यात. फक्त तिने दुकानात जाऊन दुसरं काही उचलायच्या आत फोन गेला पाहिजे.

पण पहिल्या वर्षी माझे अंदाज सारखे चुकायचे. भांड्यांचं लिक्विड चार माणसांच्या घरात महिनाभर जायला हवं ते बारा दिवसांत संपायचं आणि काकू म्हणायच्या, "तुझं महाग पडतं गं, राहू दे." दोनतीन पानं अशी बंद झाली. मग एकदा एमआयडीसीतल्या एका घरी मी सकाळी लवकर गेले तर भांडीवाल्या मावशी काम करत होत्या, आणि मी बघितलं, त्या बाटली उघडून सरळ घासणीवर ओतत होत्या, गोल गोल, जिलबी पाडल्यासारखं. अहो ते कॉन्सन्ट्रेट! वाटीभर पाण्यात चमचाभर पुरतं. मी डेमो मालकिणीला दिलेला, हॉलमध्ये बसून, पॉवरपॉइंटमधल्यासारखं बोलून, आणि वापरणाऱ्या मावशींना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी तिथेच ओट्याशी उभी राहिले. एक जुनी पाण्याची बाटली घेतली, झाकणाला खिळा तापवून दोन भोकं पाडली, एक झाकण लिक्विड नि वर पाणी, हलवून दिली. मावशींना म्हटलं, यानेच करून बघा, कढईचा तेलकटपणा निघाला नाही तर मला सांगा. मावशी म्हणाल्या, "हातांची आग नाय ना होणार? त्या दुसऱ्याने माझी बोटं फाटतात." हा प्रश्न सोळा वर्षांत एकाही मालकिणीने मला विचारलेला नाही. पुढच्या मंगळवारी गेले तर बाटली जवळजवळ तशीच. आणि मावशींनी त्यांच्या बाकीच्या घरांतून दोन घरी सांगितलेलं, "ते घ्या वो, फेस चांगला येतो नि हात बरे राहतात."

तेव्हापासून नवीन घरी पहिली बाटली दिली की मी विचारते, मावशी किती वाजता येतात. त्या वेळेला पाच मिनिटं जाते आणि पातळ करून ठेवलेली बाटली मावशींच्या हातात देते, त्यांच्या घरासाठी एक छोटी वेगळी. तिचा खर्च मी वहीत सॅम्पलच्या रकान्यात टाकते. कंपनीच्या कुठल्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं नव्हतं, तिथे सगळा वेळ "स्वप्न काय आहे तुमचं" यातच जायचा, गाडीचे फोटो कापून वहीत चिकटवायला लावायचे. माझ्याही जुन्या वहीत एक लाल गाडी चिकटवलेली आहे, आता फिकी गुलाबी झालीय.

उधारीबद्दल थोडक्यात. देऊ नका. सख्खी जाऊ असेल तरी, खरं तर सख्खी जाऊ असेल तर नकोच. आता यूपीआय आहे, पिशवी हातात द्यायची आणि कोड पुढे धरायचा, लाज वाटायचं काही कारण नाही. कमिशनवर टीडीएस म्हणजे आधीच टॅक्स कापला जातो, तो इन्कम टॅक्सच्या साइटवर आपल्या नावावर दिसतो, दरवर्षी बघा आणि रिटर्न भरा. मी पहिली चार वर्षं बघितलंच नव्हतं.

आता प्लॅनबद्दल, कारण बदलापूरच्या मुलीला खरं तर तोच दाखवलाय. "तू सहा जणी आण, त्या प्रत्येकी सहा आणतील." कागदावर गोल काढतात, रेषा काढतात, ऐकायला मस्त वाटतं. तुम्ही फक्त कॅल्क्युलेटर काढा. सहा, छत्तीस, 216, 1,296, 7,776, 46,656, मग 2,79,936, आणि आठव्या पायरीला 16,79,616. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आत होती. म्हणजे आठव्या पायरीला तान्ही बाळं धरून सगळं गाव डाउनलाइनमध्ये, म्हणजे आपल्याखाली जोडलेल्यांत आलं तरी माणसं कमी पडतात. आणि अकराव्या पायरीला आकडा जातो 36 कोटींवर, तेव्हा महाराष्ट्र होता सव्वाअकरा कोटींचा. मग त्या आठव्या पायरीवरच्या सोळा लाखांनी बाटली विकायची कुणाला?

माझी टीम आहे, नाही असं नाही, पण पाच जणींची. त्या पाचही आधी माझ्या गिऱ्हाईक होत्या, दोन-तीन वर्षं वापरून मग म्हणाल्या की आमच्या बाजूला आम्हीच देतो. मी त्यांना कधी प्लॅन दाखवला नाही, वही दाखवली. 

कायद्याचं बघाल तर 1978 पासून प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदीचा कायदा आहेच, नुसती माणसं जोडून पैसा फिरवायला त्यात बंदी आहे. आणि 28 डिसेंबर 2021 ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे स्वतंत्र नियम आले. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच लक्षात ठेवा की पिरॅमिड स्कीम चालवता येत नाही, जॉइन व्हायला प्रवेश फी घेता येत नाही, आपण कुणाच्या घरी जायचं तर ओळखपत्र जवळ हवं आणि आधी वेळ ठरवून जायचं, आणि कंपनीकडे तक्रार निवारण अधिकारी असायला हवा ज्याने तक्रार मिळाल्याची पोच कामकाजाच्या 48 तासांत द्यायची आणि साधारणपणे महिन्याभरात तिचा निकाल लावायचा. करारात कूलिंग ऑफ म्हणजे विनादंड माघार घ्यायची मुदत किती दिवसांची आहे तेही वाचा. विकता येईल त्यापेक्षा जास्त माल कुणाच्या गळ्यात मारायचा नाही, हे तर त्याआधीच्या 2016 च्या सरकारी सूचनांमध्येही होतं. माझा दिवाण 2012 चा, त्यामुळे मला काही उपयोग झाला नाही, तुम्हाला होईल. कुणी "आधी पंधरा हजारांचं पॅकेज घ्या मग आयडी चालू होईल" म्हणालं तर त्याला हे नियम विचारा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

अपॉइंटमेंटचा नियम तर मला मनापासून आवडतो. आधी आम्हाला शिकवायचे की धंद्याचं नाव न घेता चहाला बोलवा, "सहज ये गं" म्हणा. मी असं माझ्या एका शाळेतल्या मैत्रिणीला बोलावलं होतं, आठ वर्षांनी भेटत होतो, ती मुलीला घेऊन, माझ्यासाठी घरच्या नारळाच्या वड्या घेऊन आली, आणि वीस मिनिटांनी मी कागदावर गोल काढायला लागले. तिने वड्यांचा डबासुद्धा परत मागितला नाही. तो तिचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे. नंतर दोनदा फोन केला मी, उचलला नाही.

तर बदलापूरच्या मुलीला मी एवढंच काम दिलं. म्हटलं कंपनी कुठली, प्लॅन काय, ते ठेव बाजूला. तू जे विकणार आहेस त्याची एक बाटली स्वतः पूर्ण किमतीला विकत घे, महिनाभर वापर, आणि मग मला दहा घरांची नावं लिहून पाठव, जी दुसरी बाटली घेतील. पहिली कोण घेईल ते नको, दुसरी.

काल रात्री मेसेज आला. सहाच नावं झाली ताई, आणि त्यातलं एक आईचं आहे. मी लिहिलं, चालेल, पण आईकडूनही पूर्ण एमआरपी घ्यायची, सूट नाही. थोड्या वेळाने परत टिकटिक वाजलं. "आईला विचारलं. ती म्हणते मग ती कोपऱ्यावरच्या दुकानातूनच आणेल."